बारशाचे तीन डबे

कोणीतरी डबा लपवायचा आणि दुसऱ्या कोणीतरी तो हुडकायचा, या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात आणि तो जगभर खेळतात, असं लेकीनं मला सांगितलं. मी म्हटलं, यात नवीन ते काय? आपल्या घरात हे रोज चालतं. मी शेवेचा डबा लपवते आणि तुझे बाबा तो हुडकतात.

लेक पुण्याला नोकरीला असते. तिकडेच तिला हा नाद लागला. होळीच्या सुमारास ती घरून काम करायला म्हणून नागपूरला आली, तेव्हा नादही सोबत आला. खेळ तसा सोपा आहे. लपवणाऱ्यानं जागेचा ठावठिकाणा अ‍ॅपवर टाकायचा, आणि खाली एका ओळीचा इशारा लिहायचा. फोन तुम्हाला जागेजवळ नेतो आणि तिथं सोडून देतो. पुढचं काम डोळ्यांनी करायचं. डबा सापडला की आतल्या कागदाच्या गुंडाळीवर आपलं नाव लिहायचं, वाटलं तर आतली एखादी चिल्लर वस्तू घ्यायची, तिच्या जागी आपली ठेवायची, आणि डबा होता तसा लपवून निघून यायचं.

"घरी नाही आणायचा?" मी विचारलं.

"नाही गं आई. पुढच्याला सापडायला नको का?"

सापडलेला डबा पुन्हा झाडीत ठेवायचा, हे माझ्या काही पचनी पडलं नाही. भांड्यांत माझा जीव आहे. आमच्या घराच्या माळ्यावर लग्नापासूनची सगळी भांडी आहेत, ज्यानं दिली त्याचं नाव कोरलेली. कोणाचा तांब्या, कोणाचं गंज, कोणाचं परातीएवढं मन आणि वाटीएवढा आहेर, सगळं वर आहे. त्यातलं एकही भांडं मी मोडीत काढलेलं नाही. आणि ही पोरगी मला सांगते, डबा ठेवून ये.

तरी गेले. कारण हे निघाले. आमचे हे बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात पाळीवर जातात आणि रविवारी जेवण झालं की झोपतात. त्या रविवारी मात्र सकाळीच बूट घालून दारात उभे. मी विचारलं, तब्येत बरी आहे ना?

जायचं होतं फुटाळा तलावाच्या बाजूला. फोननं आम्हाला एका जुन्या दगडी कठड्यापाशी नेलं आणि हात वर केले. आम्ही तिघं वाकून भेगा, झुडपं, दगडांच्या फटी पाहू लागलो. आता नागपुरात एकट्यानं काही हुडकता येतं असं ज्याला वाटतं, त्यानं कधी रस्त्यात वाकून पाहावं.

"काय पडलं जी काकू?" फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं.

"चाबी," लेक म्हणाली. हा खेळणाऱ्यांचा ठरलेला बहाणा.

"कायची? गाडीची का घराची?"

"गाडीची."

झालं. ते वाकले, त्यांची बायको वाकली, पलीकडचा चहावाला आला, स्कूटरवरून चाललेला एक माणूस स्कूटर स्टँडवर लावून आला. "घाबरू नका जी, इथंच असंन." सगळ्यांनी मिळून कठडा उभा-आडवा चाळला. शेवटी स्कूटरवाल्यानंच एका फटीतून काळी डबी काढली. "चाबी नाही भेटली, पण हे कायची डबी आहे पाहा बरं."

डबी सापडली तरी कोणी हलेना. चावी कुठे सापडली होती? तुमची गाडी इथं सोडून आम्ही कसे जाऊ, म्हणे. लेकीनं हळूच पर्समधून चावी काढून गवतात टाकली आणि "सापडली!" म्हणून ओरडली. चहावाल्यानं टाळी वाजवली. हे मागे वळून हसू लागले. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तेव्हा मी ठरवलं की खेळ चांगला आहे. कारण हे दोन-तीन महिन्यांत हसले नव्हते.

त्याचं असं झालं होतं. होळीच्या आधी, थंडीत, लेकीचं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. मुलगा वर्षभरासाठी परदेशी निघाला होता, त्यांच्याकडून घाई झाली, दोन-तीन दिवसांत सगळं उरकावं लागलं. ह्यांची एकच बहीण, थोरली, खाप्याला दिलेली. तिला निमंत्रण फोनवर गेलं. फोन ह्यांनीच केला.

"आत्याले फोनवर सांगते का गा कोणी?" नणंद म्हणाली. "मी पाहुणी आहो का? पोरीचं नाव मी ठेवलं, तिच्या कानात कुर्र मी केलं. आन मले फोन?"

"घाई झाली न, ताई."

"मंग मले बोलावूच नका."

"बरं," हे म्हणाले.

एवढंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पण ती आली नाही. पुढे राखीही आली नाही, हे गेले नाहीत, दिवाळीत भाऊबीजेचं ताट तसंच राहिलं. दोघं एकाच आईची लेकरं. नाकावर माशी बसू द्यायची नाहीत. मी मध्ये पडायला गेले तर हे म्हणाले, तू नको पडू. लग्न मुलगा परतल्यावर, पुढच्या वर्षीच्या वैशाखात ठरलं होतं. जिनं नाव ठेवलं ती आत्या मांडवात नसणार, हा विचार मला भाजी चिरताना यायचा आणि माझा राग भाजीवर निघायचा.

तर आपलाही एक डबा लपवावा असं लेकीनं काढलं तेव्हा आम्ही जागांची नावं घेत बसलो. मी म्हटलं, जरीपटक्याच्या बाजारात ठेवा, तिथं हरवलेलं माणूससुद्धा सापडत नाही. लेक म्हणाली, अंबाझरी. हे पेपर वाचत होते. पेपरमागूनच म्हणाले, "खाप्याले ठेवू. कन्हानच्या काठी."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

नदीकाठी ह्यांच्या शाळासोबत्याचं शेत आहे. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक अर्जुनाचं झाड, त्याची मुळं अशी उघडी पडलेली की हात घालायला जागा. मालकाला विचारल्याशिवाय डबा ठेवायचा नाही असा खेळाचा नियम, म्हणून ह्यांनी सोबत्याला विचारलं. तो म्हणाला, "ठेव न गा, मले काय त्याचं." डबा ठेवला, अ‍ॅपवर टाकला, इशारा लिहिला, 'मुळांशी पाहा'. तिथून नणंदेचं घर चालत गेलं तर फार लांब नाही. हे नदीकडे तोंड करून उभे राहिले. मग वळून गावाकडे पाहिलं. मग म्हणाले, चला, ऊन होते.

पहिला डबा प्लास्टिकचा होता, चार बाजूंनी कड्या लागणारा, लेकीनं मागवलेला. आमच्या उन्हापुढे त्यानं मे महिन्यातच हात टेकले. झाकणाचा पापड झाला. दिवाळीला लेक आली तेव्हा नवा मागवायला बसली, तर माझं डोकं फिरलं.

"एक उन्हाळा टिकत नाही असलं काय ठेवता वं? स्टीलचा ठेव. तुह्या नातवापर्यंत टिकंन."

माळ्यावर चढून मी कड्यांचा एक डबा काढून दिला. घट्ट झाकण, मुंगी शिरायची नाही. लेकीनं त्यात पेन्सिल, कागदाची गुंडाळी, दोन किचेन, गोट्या आणि एक प्लास्टिकचा हत्ती घातला. वर इंग्रजीत छापलेला कागद चिकटवला की हा खेळाचा भाग आहे, हलवू नये. ह्यांनी तो अर्जुनाच्या मुळांत ठेवला आणि पुन्हा गावाकडे पाहून घरी आले.

थोड्याच दिवसांत पुण्याहून लेकीचा फोन. एक जोडपं मुलांना घेऊन खाप्यापर्यंत गेलं आणि डबा सापडला नाही. मग आणखी कोणी गेलं, त्यालाही नाही. आम्ही जाऊन पाहिलं, मुळं रिकामी. मला वाईट वाटलं, पण नवल नाही. म्हटलं, स्टील आहे, कोणाला मोह झाला असेल. माळ्यावर त्याच्याच जोडीचा, जरा लहान डबा होता. तो दिला. ह्यांनी तो अजून आत सारला, वर पालापाचोळा टाकला.

तोही गेला.

आता माझं टाळकं सटकलं. पुन्हा खाप्याला गेलो ते मी चोर पकडायच्या तयारीनंच गेले. तेव्हा कापूस वेचणं सुरू होतं. धुऱ्यावर सोबत्याची बायको भेटली, डोक्याला फडकं, कमरेला कापसाची ओटी. मी म्हटलं, "वहिनी, इथं झाडापाशी आमचे दोन डबे होते. कोणी नेताना पाहिलं का?"

"ते तुमचे होते का?" ती खुश झाली. "मीच पोचवले न जी ते! कोणीतरी जेवाले आलं आन विसरून गेलं असंन म्हटलं. नाव होतं न त्याच्यावर. तुमच्या नणंदबाईचं."

सोबत्यानं बायकोला डब्याचं काही सांगितलंच नव्हतं. नवरे सांगत नाहीत. वरच्या इंग्रजी कागदाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, पण खाली काठाशी ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं मराठी तिनं वाचलं, आणि ती माझ्या नणंदेबरोबर एकाच बचत गटात. गटाच्या बैठकीला जाताना डबा घेऊन गेली. रिकामा डबा कोणाच्या हातात द्यायचा नाही, म्हणून किचेन आणि हत्तीवर मूठ-मूठ तुरीच्या शेंगा घातल्या.

वहिनी बोलत होती पण मला डबे दिसत होते. तीन डबे, एकात एक बसणारे, लेकीच्या बारशाला नणंदेनं आणलेले. 'चि. अमुकच्या बारशास, आत्याकडून', आणि खाली नणंदेचं नाव नि खापा. माळ्यावरच्या भांड्यांवरची नावं रोज कोण वाचतं? आपण भांडं उचलतो.

"पहिल्या डब्याच्या टायमाले काही बोलल्या नाही त्या," वहिनी म्हणाली. "दुसरा पाहून तं मटकन बसल्या. म्हणे, भावानं बारशाचा आहेर वापस केला. घरी येऊन हातात नाही देल्ला, नदीवर ठेवून गेला. रडल्या जी लय."

दिलेला आहेर परत करणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नातं मोडायचं असलं की माणसं तेच करतात. आणि आम्ही ते दोनदा केलं होतं, पालापाचोळा टाकून.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील, चला, ऊन होते. पण हे धुऱ्यावरून उतरले आणि गावाच्या वाटेनं चालू लागले. मी मागोमाग पळाले. गाडी तिथंच राहिली.

नणंद अंगणात तांदूळ पाखडत होती. आम्हाला पाहून सूप थांबलं. ती वाळली होती. तिनं या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं, मग ह्यांच्या हाताकडे, आणि म्हणाली, "तिसरा आणला का?"

एवढा धिप्पाड माणूस बहिणीच्या अंगणात शाळेत उभा केल्यासारखा उभा. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो.

"तिसरा नाही भेटत, ताई," मी म्हटलं. "त्याच्यात माही हळद आहे."

"हळद?"

"मिसळणाच्या बाजूले राहते. लेकीच्या बारशापासून. रोज हात लागते त्याले माहा. वाटलं तं येऊन पाहा. त्याच्यावरचं तुमचं नावसुद्धा पिवळं पडलं."

तिनं सूप खाली ठेवलं. मग उठून आत गेली. परत आली तेव्हा हातात डबे होते, मोठ्यात लहान बसवलेला, घासून चकचकीत केलेले. दुसऱ्या हातात गाठ मारलेला रुमाल. सोडला तर त्यात गोट्या, किचेन, पेन्सिली, कागदाच्या गुंडाळ्या आणि हत्ती. एक वस्तू हरवली नव्हती.

"हे कोणाचं खेळणं आहे गा?" तिनं भावाला विचारलं.

मग हे बोलू लागले. वर्षभरात जेवढं बोलले नव्हते तेवढं बोलले. अ‍ॅप, फोन, ठावठिकाणा, फुटाळ्याचा कठडा, गवतात टाकलेली चावी, मे महिन्यात वाकडं झालेलं झाकण, माझं माळ्यावर चढणं. नणंद सूप मांडीवर घेऊन ऐकत होती. चावीच्या गोष्टीला तिच्या ओठाची कड हलली, मी पाहिलं.

"म्हंजे एक जण ठेवते," ती म्हणाली, "दुसरा हुडकते. आन सापडलं का तिथंच ठेवून देते?"

"हाव."

"मंग फायदा काय?"

"फायदा काही नाही."

"मंग काहून करता गा? नागपूरहून इतकं पेट्रोल जाळून काहून येत होता इथं?"

हे खाली पाहत होते. अंगणातल्या तांदळाच्या कण्या पायाच्या अंगठ्यानं एका जागी लोटत होते.

"या निमित्तानं इकडं याले भेटते न, ताई," हे म्हणाले.

नणंदेनं पदर डोळ्यांना लावला. मग पदराआडूनच, चिडलेल्या आवाजात म्हणाली, "नदीवरच थांबते का गा माणूस? घर तं अजून पुढं आहे न."

त्यानंतर रडायची पाळी सगळ्यांची होती, ती आम्ही रीतसर उरकली. मग तिनं पाटवडीचा रस्सा टाकला आणि मला कणीक मळायला बसवलं, म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं. लग्नाचं मी काढलं तेव्हा मात्र तिनं हात वर केला.

"तुमचं बोलावणं नाही पाहिजे मले. जिचं नाव ठेवलं ते येऊ दे. कुंकू घेऊन."

लेक पुढच्याच शनिवारी पुण्याहून आली. कुंकू-अक्षता घेऊन आत्याच्या उंबऱ्यावर उभी राहिली. आत्यानं तिला तिथंच थांबवून आधी ओरडून घेतलं आणि मग आत घेतलं. आता बस्त्याला पहिली आत्या असते. कोणत्या रंगाचा शालू घ्यायचा यावरून तिचं आणि माझं दोनदा वाजलं आहे, आणि मला फार बरं वाटतं आहे.

डबा रिकामा परत येणार नव्हताच. लहान डबा तुरीच्या डाळीसकट माझ्या माळ्यावर आला. मोठा नणंदेनं ठेवून घेतला. म्हणाली, तुमचा खेळ नदीवर नको, इथं माझ्या कुंपणात ठेवा, मी पाहते. लेकीनं समजावलं की आत्या, सांगायचं नसतं, ज्याचं त्यानं हुडकायचं असतं. आत्या म्हणाली, हाव हाव. आता कोणी फोन हातात घेऊन कुंपणाशी वाकलं की ती ओसरीवरून ओरडते, "डाव्या हातानं पाहा जी, मेहंदीच्या खाली! आन मंग हात धुऊन या, पोहे टाकले आहेत." तिथून कोणी हात हलवत परत गेलेलं नाही. अ‍ॅपवर लोक डब्याबद्दल काही लिहीत नाहीत, सगळे पोह्यांबद्दल लिहितात.

जागा बदलली म्हणून नवी नोंद करावी लागली. लेक फोन घेऊन आमच्या समोर बसली होती. तिनं ठावठिकाणा टाकला, मग म्हणाली, "बाबा, इशाऱ्याची ओळ राहिली. काय लिहू?"

ह्यांनी पेपर खाली केला.

"लिही," हे म्हणाले, "नदीवर थांबू नका. घर पुढं आहे."